वायरमन काका आणि वॉल्व्हचा डबा

घरमालकांनी मला माडीवरची खोली देताना लग्न झालंय का, जात कोणती, मटण खाता का, यातलं काहीच विचारलं नाही. केजमध्ये त्याआधी मी चार घरं बघितली होती आणि चारही ठिकाणी हे सगळं विचारून झालं होतं. हे गृहस्थ दारात उभे राहिले, माझ्या बॅगेच्या स्टीलच्या कडीला त्यांनी उजव्या हाताची मागची बाजू हळूच टेकवली आणि मग विचारलं, "पाणी तापवायला रॉड वापरता का, म्याडम?"

"नाही."

"इस्त्री?"

"आठवड्यातून एकदा."

"चप्पल घालून करता का अनवाणी?"

मी खरं ते सांगितलं. अनवाणी. त्यांनी मान हलवली, आत गेले आणि रबरी चपलांचा एक कोरा जोड आणून माझ्यापुढं ठेवला. "ह्या वरच ठेवायच्या. बाहेर न्यायच्या न्हाईत. वल्ल्या करायच्या न्हाईत." मग त्यांची नजर माझ्या पाठीवरच्या लांब पिशवीकडं गेली. "हे काय?"

"गिटार आहे काका."

"करंटवर चालती?"

"थोडीशी."

त्यांनी पिशवीवर बोटानं टकटक करून बघितलं. मग म्हणाले, "लाकडाची हाय ना? मग चालतंय."

मी तेव्हा पशुधन विकास अधिकारी म्हणून तालुक्यात नवीनच आले होते. दिवसभर दवाखान्यात शेळ्या, म्हशी, लंगडणारे बैल आणि त्यांच्यापेक्षा जास्त काळजीत पडलेली त्यांची माणसं. संध्याकाळी माडीवरच्या खोलीत मी आणि गिटार. कॉलेजच्या होस्टेलवर शिकले तेव्हापासून माझ्याकडं वीतभर उंचीचा एक स्पीकरचा डबा होता. त्याचा आवाज पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा यायचा. तरी तोच माझा सोबती होता.

घरमालक वीज कंपनीतून लाईनमन म्हणून निवृत्त झालेले. अख्खी गल्ली त्यांना वायरमन म्हणायची, मी वायरमन काका म्हणायला लागले. खिशाला पेन आणि टेस्टर, दोन्ही कायम. समोर येईल त्या धातूला आधी हाताची मागची बाजू लावायची, मग धरायचं, असा त्यांचा नेम. फाटक, बादली, दूधवाल्याची किटली, एसटीचा दांडा. नातवाच्या बारशाला कुणी चांदीचे वाळे आणले, तर तेही त्यांनी तसेच तपासले होते म्हणे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "तळहातानं धरलं आन् करंट असला, तर मूठ आवळती. सोडतो म्हणलं तरी सुटत न्हाई. मागच्या बाजूला लागला तर हात आपोआप फेकला जातो. देवानं हाताला दोन बाजू कावून दिल्या मग?"

लग्नाची पत्रिका त्यांना इतरांपेक्षा आधी यायची, आणि सोबत तोंडी निरोप असायचा, 'मंडप उभा राहिला की या.' ते जायचे. मांडवाचा एकेक लोखंडी खांब, जनरेटर, वाढप्यांचं टेबल, नवरा-नवरीच्या खुर्च्या, सगळ्याला हात लावून व्हायचा. सगळं झालं की आचाऱ्याला म्हणायचे, "वाढा आता." यजमान मंडळी हसायची, पण त्यांच्याशिवाय पंगत बसवायची नाहीत.

त्यांच्याबद्दलची सर्वांत मोठी गोष्ट मला त्यांच्या बायकोनं, काकूंनी सांगितली, शेंगा निवडता निवडता. लिंबागणेशला असताना एकदा त्यांचा सहकारी खांबावर चढला होता आणि हे खाली ट्रान्सफॉर्मरपाशी होते. लाईन बंद. त्याच दिवशी गावात कुणा पुढाऱ्याची सभा. माईक मुका. कार्यकर्ते जीप घेऊन आले.

"बे वायरमन, चालू कर!"

"वर माणूस हाय."

"पाच मिनिटं त्याला खाली घे की बे."

"काम झालं की येईल तो. वर माणूस हाय."

त्यांनी समजावलं, दरडावलं, साहेबाला फोन लावून दिला. ह्यांनी फ्यूज काढून स्वतःच्या पिशवीत टाकले, पिशवी मांडीखाली घेतली आणि भाकरी सोडून जेवायला बसले. पुढाऱ्यानं बिनमाईकचं भाषण केलं. महिन्याभरात ह्यांची बदली लांब चकलांब्याला.

"तीन वर्षं एकटे राह्यले तिकडं," काकू म्हणाल्या. "रविवारचे यायचे. पन एकदा बी म्हणले न्हाईत की चुकलं म्हणून."

का ते मला पुढं कधीतरी त्यांच्याच तोंडून अर्धवट कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी जोडीदार वर होता आणि तिसऱ्याच कुणी न विचारता खालून लाईन चालू केली. एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

मी अ‍ॅम्प मागवला तो या माणसाच्या घरात. वॉल्व्हचा, तीन चॅनलचा म्हणजे तीन तऱ्हांचे आवाज काढणारा, भरभक्कम. गिटार धरल्यापासून मला तो हवा होता. पुण्याच्या दुकानातून ट्रॅव्हल्सनं आला. रविवारी सकाळी बसस्टँडसमोर उतरवून घेतला, रिक्षात घातला आणि रिक्षावाल्यानं व मी मिळून जिन्यापर्यंत आणला. वायरमन काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे.

"काय हाय?"

"गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर."

"वजन कशाचं एवढं?"

"आत ट्रान्सफॉर्मर आहेत. आणि वॉल्व्ह. काचेचे. ते तापतात."

"म्हंजे हीटर."

या घरात हीटर म्हटलं की विषय संपला. मी घाईघाईनं सांगायला लागले, की पूर्वीच्या रेडिओत असायचे तसेच असतात, आवाजाला त्यांच्यामुळं एक ऊब येते, आताच्या यंत्रांना ती जमत नाही. ते ऐकत नव्हते. खोक्यावर छापलेले वॅटचे आणि व्होल्टचे आकडे वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "चला. मी बी येतो वर."

वर त्यांनी अ‍ॅम्पच्या चारी बाजू हाताच्या पाठीनं तपासल्या. मागच्या जाळीतून डोकावले. वॉल्व्ह बघून त्यांचा चेहरा थोडा उजळला. लहानपणी ग्रामपंचायतीचा रेडिओ मागनं बघायला ते चावडीत जाऊन बसायचे, पुढून गाणी ऐकणारे वेगळे. मग त्यांनी दोन बटणं शेजारीशेजारी बघितली. "दोन कावून?"

"हे पहिलं नुसतं वॉल्व्ह तापवायचं. त्याला जरा वेळ द्यायचा. मग हे दुसरं, तेव्हा मोठा करंट जातो."

"आधी तापू द्यायचं, मग बोलायचं," ते म्हणाले. "शाना माणूस हाय बनिवणारा." आणि खुर्ची ओढून बसले. "लावा."

"बोर्ड एकदा बघता का?" मी सहज विचारलं.

"घर माझं हाय," ते म्हणाले. "घराची काळजी तुमी करू नका."

पहिलं बटण दाबलं. मागं हळूहळू नारिंगी उजेड धरला. नव्या वार्निशचा आणि तापलेल्या धुळीचा वास आला. दुसरं बटण दाबलं. अ‍ॅम्पमधून बारीक गुंऽऽ असा आवाज सुरू झाला. थोडा असतोच, म्हणून मी सोडून दिलं. काकांनी मात्र मान तिरकी केली.

पहिलं चॅनल साधं, स्वच्छ. मी एकच तार छेडली. इतकी वर्षं मी हीच तार वाजवत होते, आणि तिच्यात एवढं काही आहे हे मला माहीत नव्हतं. सूर निघाला, मोठा झाला, खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि सावकाश विरला. हळू छेडलं की मऊ, जोरात छेडलं की कडेला किंचित खरखरीत. माझ्या बोटांनी काय केलं ते सगळं तो जसंच्या तसं सांगत होता, चुकासुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका बघत होते म्हणून मी पटकन दुसऱ्या चॅनलवर गेले.

"हे चिडलंय," ते म्हणाले.

तिसऱ्यावर खिडकीची काच थरथरली.

"हे पिसाळलं! पहिल्यावर घ्या."

मी पहिल्यावर घेतलं, तारांवर हात ठेवला आणि किंचाळून मागं सरले. बोटांतून मनगटापर्यंत मुंग्यांची रांग गेली होती. फरशी नुकतीच पुसलेली, मी अनवाणी. चपलांचा जोड दाराआड तसाच कोरा. अ‍ॅम्पचा गुंऽऽ आवाजही मोठा झाला होता.

"काय झालं?"

"करंट लागला." मला रडूच फुटायचं बाकी होतं. इतक्या लांबून आणलेली वस्तू पहिल्याच दिवशी खराब निघाली. पुन्हा खोक्यात भरा, पुन्हा ट्रॅव्हल्स, पुन्हा वाट बघा. आणि काका आता हा डबा घरात ठेवू देणार नाहीत हे वेगळंच.

पण काका डब्याकडं बघतच नव्हते. ते खाली ऐकत होते. अंगणात काकूंनी पाण्याची मोटर चालू केली होती. हौदातलं पाणी माडीवरच्या टाकीत चढवायची त्यांची ती रोजची वेळ.

"आत्ता लागला? ह्याच टायमाला? आधी न्हाई?"

"आधी नव्हता."

ते गॅलरीत गेले. "मोटर बंद कर गं!"

"कावून?" खालून काकूंचा आवाज.

"बंद कर म्हणतो!"

मोटर थांबली. "चपला घाला आधी. आन् आता पाठीमागच्या बाजूनं लावून बघा."

मी चपला घातल्या, डोळे मिटले, तारांना हात लावला. काही नाही. गुणगुण उतरलेली. पुन्हा चपला काढल्या, जीव मुठीत धरून लावला. काही नाही.

"घाला, घाला चपला. चालू कर गं!"

मोटर सुरू झाली तशी गुणगुण चढली. मी नुसतं बोट टेकवलं. चपला होत्या तरी बारीक चावा आलाच.

"आहे," मी म्हणाले.

त्यांच्या तोंडावरचा रंग गेला. तसा चेहरा मी फक्त पहिलंच वासरू मेलेल्या गाईच्या मालकाचा बघितला होता. त्यांनी पुन्हा गॅलरीतून खाली वाकून बघितलं. मीही धावले. काकू नुकत्याच न्हाऊन तुळशीला पाणी घालून आल्या होत्या. ओल्या फरशीवर अनवाणी. आणि पाइपाचा कॉक फिरवायला हात पुढं केलेला.

"हात लावू नको!"

त्यांचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. काकू होत्या तशा थिजल्या. काका जिना उतरले की त्यांनी उडी मारली, मला आठवत नाही. मेन स्विच खाडकन पडला आणि घर गप झालं. माझ्या अ‍ॅम्पमधला नारिंगी उजेड हळूहळू विझत गेला.

मी खाली पोचले तेव्हा काकू म्हणत होत्या, "आवो काय झालं ते तरी सांगा की."

काकांनी एका दिव्याला दोन वायरी लावून बोर्ड तपासायला घेतला. मेन पुन्हा चालू करायच्या आधी त्यांनी काकूंना उचलल्यासारखं करून ओट्यावर बसवलं आणि खाली उतरू नको म्हणून बजावलं. दिवा जिथं पेटायला हवा होता तिथं पेटला नाही. अर्थिंग मेलेलं होतं. घरातल्या कुठल्याही यंत्रात गळणारी वीज ज्या तारेनं जमिनीत जाते, ती तारच जमिनीपर्यंत पोचत नव्हती. मोटरीतून करंट गळत होता आणि वाट न सापडल्यामुळं त्याच तारेनं घरभर फिरत होता. पाइपात, माझ्या अ‍ॅम्पच्या पत्र्यात, तिथून गिटारच्या तारांत.

"डबा चांगला हाय तुमचा," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "घर बिघडलंय."

फरशी उकरली तेव्हा कळलं. सहा महिन्यांपूर्वी अंगणात नवी फरशी बसवताना गवंड्याच्या टिकावानं तार तुटली आणि त्यानं वर माती सारली. त्या दिवशी काका चकलांब्याला होते. जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडव तपासायला गेले होते.

मला वाटलं सगळ्यांत वाईट ते हेच. पण काकू सहज बोलून गेल्या, "म्हंजे माझ्या हाताला मुंग्या यायच्या त्या ह्याच्याच का?"

काका उकरत होते. हात थांबला.

"पंधरा दिस झाले. सकाळी मोटरीपाशी गेलं की यायच्या. मी तुमाला म्हणले व्हते की."

म्हणाल्या होत्या. मलाही आठवलं, जिन्यात माझ्या कानावर पडलं होतं. आणि काका म्हणाले होते, 'वयानं व्हतं, शुगर तपासून घे.'

काका टिकाव टाकून खाली बसले. "साऱ्या तालुक्याचं ऐकत फिरलो," ते म्हणाले, "तुझं न्हाई ऐकलं."

"आवो पन रोज तुमच्या त्या रबरी चपला असायच्या की पायात," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं माझं डोस्कं खाल्लं त्या चपलांपायी. आज तेवढ्या तुळशीपाशी काढल्या. रोज बी नसत्या तर..."

काका उठून मागच्या दारानं निघून गेले आणि बऱ्याच वेळानं आले ते कोळसा आणि खड्याच्या मिठाचं पोतं घेऊन.

दोन दिवस त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकट्यानं खड्डा खणला, माझ्या कमरेइतका खोल. खाली तांब्याची पट्टी, वर कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. काकू ओट्यावरून पाणी विचारायच्या, ते मान हलवायचे. मोटर खोलून दुरुस्त झाली. मी दवाखान्यातून येऊन जिन्यात बसायचे. एकदा मी म्हटलं, "काका, झालं ते झालं. वाचल्या ना काकू?"

"तुमच्या डब्यानं वाचवलं," ते म्हणाले. "तो वराडला म्हणून. मी न्हाई."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेन चालू झाला. काका वर आले, चपला तपासल्या, खुर्चीत बसले. मी पहिलं बटण दाबलं, थांबले, दुसरं दाबलं. आणि काही ऐकू आलं नाही. इतकी शांतता की अ‍ॅम्प बंदच आहे की काय असं वाटलं. खाली मोटर चालू होती, तरीही काही नाही. मी तारेला बोट लावलं. तार फक्त गार लागली. काकांनी रोखून धरलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

मग मी तासभर वाजवलं. त्या अ‍ॅम्पबद्दल माझं पहिलं मत खरं तर त्या संध्याकाळी झालं. साधं चॅनल पहाटेच्या पाण्यासारखं निवळ. दुसरं चॅनल मला त्या दिवशी चिडकं वाटलंच नाही, पोटातून बोलणाऱ्या माणसासारखं वाटलं. तिसऱ्याला आवरायला मला पुढं महिना लागला. काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसल्या आणि पहिल्या चॅनलवर मी काहीबाही वाजवत होते ते ऐकून म्हणाल्या, "हे बरं हाय. झोप येती."

पुढच्या रविवारी काकांनी एक नवीनच काढलं. "तो डबा घ्या. शेजारी जायचंय."

"कशाला?"

"त्याला कान हायत. टेस्टरला न्हाईत."

मी सांगून बघितलं की दिव्यानंही तेच कळतं. ऐकेनात. म्हणून त्यांनी एका बाजूनं आणि मी एका बाजूनं धरून तो अवजड अ‍ॅम्प गल्लीतल्या तीन घरांत नेला. जिथं गुणगुण जास्त, तिथं काका दिवा घेऊन कामाला लागायचे. लोकांना वाटायचं बाई कार्यक्रम करतायत. चहा यायचा, बायका मुलांना घेऊन बसायच्या, आणि मला दोन गाणी वाजवल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. दोन घरांत अर्थिंग ठीक निघालं, एकात नव्हतंच. तिथल्या आजींनी मला नारळ दिला. मी तो काकांना देऊ केला तर घेतला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनातून जात नव्हती. मोटर ते स्वतःच चालू करायला लागले. काकूंनी त्या कोपऱ्यात पाऊलही टाकायचं नाही. असे दोन महिने गेले. काकू आधी गप्प राहिल्या, मग कुरकुरल्या, आणि एका सकाळी सरळ भांडायला उभ्या राहिल्या. मी गॅलरीत दात घासत होते.

"माझी मोटर मीच चालू करणार. तुमी तिकडं व्हा."

"अगं ऐक..."

"काय ऐकू? जलमभर असंच बघत बसणार का मला?"

काका बाजूला झाले. काकूंनी चपला घातल्या, बटण दाबलं आणि पाइपाचा कॉक धरला. धरला मात्र, "आई गंऽऽ!" म्हणून हात झटकला.

काका जागच्या जागी बसले. ओल्या फरशीवर, धोतरासकट. आणि काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. खांदे गदगदत होते. "काय न्हाई... काय न्हाई झालं..." एवढंही त्यांना धड बोलता येईना.

काकांनी तोंड उघडलं ते पंधरा मिनिटं मिटलं नाही. अशी मस्करी करतात का, लाज हाय का, ह्या वयात, माझा जीव गेला असता, तुझ्या बापाला सांगायला पायजे व्हतं. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला, आणि मग ते हसायलाच लागले. दीड वर्षात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. दात दोनच होते खालचे. काकू त्यांच्याशेजारी ओल्यातच बसल्या. एकमेकांकडं बघायचे आणि पुन्हा हसायचे.

टाकी भरली. पाणी पन्हाळीतून धो धो अंगणात पडायला लागलं. केजमध्ये पाणी असं वाहताना बघायची कुणाला सवय नाही, तरी दोघांच्या लक्षात आलं नाही. मीच तोंड पुसलं, खाली गेले आणि मोटर बंद केली.